प्रलयानंतरचे भयपट: शोक आणि जगण्याची धडपड एकाच सीनमध्ये कशी बसवायची?

#१ काजळी (धागाकर्ता)

आधी इशारा. खाली 'अ क्वाएट प्लेस' (२०१८), '२८ डेज लेटर' (२००२) आणि '२८ इयर्स लेटर' (२०२५) यांतले कळीचे प्रसंग उघड होणार आहेत. पाहायचे राहिले असतील तर पाहून मगच खाली या.

या प्रकारच्या पटकथांमध्ये एक ठरलेली घडी असते. हल्ला होतो, कुणीतरी जातं, मग शेकोटीभोवती चार मिनिटांचा शांत सीन. त्यात गेलेल्याची एखादी आठवण, खिशातून निघालेला फोटो, डोळ्यांत पाणी. मग बाहेर काहीतरी खुडबुडतं आणि पुन्हा हल्ला. म्हणजे जगण्याची कामं एका खणात आणि दुःख दुसऱ्या खणात.

माझ्या मते सगळं बिनसतं ते इथेच. जिथे रोज पाणी आणून, गाळून, उकळून प्यावं लागतं तिथे दुःखासाठी वेगळी वेळ काढणं कुणालाच परवडत नाही. ते पाणी उकळतानाच होतं. किती पाणी घ्यायचं हे हाताला पाठ झालेलं असतं, हात जुन्या मापाने चालतो आणि मध्येच थांबतो. शेकोटीच्या चार मिनिटांपेक्षा तो थांबलेला हात जास्त सांगतो.

'अ क्वाएट प्लेस' याच कारणासाठी पुन्हा पुन्हा अभ्यासावा असा आहे. त्यात आवाजाच्या मागावर येणाऱ्या राक्षसांपासून एक कुटुंब लपून राहतं. ८९व्या दिवशी सर्वांत धाकटा मुलगा जातो आणि सिनेमा थेट ४७२व्या दिवशी पुन्हा उघडतो. मधले ३८३ दिवस गाळलेले आहेत. अंत्यविधी नाही, आक्रोश नाही, 'आता आपण काय करायचं' असं संभाषण नाही. दिसते ती दिनचर्या: वाळू पसरलेल्या पायवाटा, न करकरणाऱ्या फळ्यांवर रंगाने केलेल्या खुणा, ताटांऐवजी पानं, खेळाच्या पटावर कापडी सोंगट्या. मूल आवाजामुळे गेलं आणि घरातली प्रत्येक सोय आवाज टाळण्यासाठी आहे. त्यामुळे जेवण असो की खेळ, ते मूल तिथे हजर असतं आणि कुणाला त्याचं नाव घ्यावं लागत नाही.

दुसरी बारीक गोष्ट खेळण्याची. वडील खेळण्यातले सेल काढून ठेवतात, बहीण खेळणं गुपचूप भावाला परत देते, तो सेलही उचलतो. एका मृत्यूत तिघांचे हात. म्हणून पुढे घरातल्या प्रत्येकाकडे अपराधाची आपापली प्रत आहे: बहिणीला वाटतं खेळणं मी दिलं, आईला वाटतं मी त्याला कडेवर घ्यायला हवं होतं. पटकथेत मृत्यू लिहिताना 'कुणी मारलं' याच्याइतकंच 'कुणाकुणाचा हात लागला' हे ठरवावं, कारण पुढच्या साठ पानांचं इंधन तिथून येतं.

पटकथा, ध्वनी, संकलन, मानसशास्त्र आणि प्रत्यक्ष जगण्याचं गणित, अशा कुठल्याही बाजूने लिहा.

#२ उंबरठा

मानसशास्त्राच्या बाजूने.

'शोकाचे पाच टप्पे' ही चौकट या पटकथांमधून काढून टाकली तरी निम्मं काम होईल. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार हे टप्पे मांडले ते मरणाच्या वाटेवर असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांच्या शोकाला ते पुढे लावले गेले. माणसं या क्रमाने दुःख करत नाहीत, आणि पडद्यावर असा क्रम दिसला की पात्र वेळापत्रकावर चालल्यासारखं वाटतं.

भयपटाला जास्त उपयोगी पडेल ते मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं दुहेरी प्रक्रियेचं प्रारूप. त्यात शोक म्हणजे दोन काठांमधला हेलकावा. एका काठावर गेलेलं माणूस: आठवण, ओढ, रडू. दुसऱ्या काठावर त्याच्या जाण्याने अंगावर पडलेली कामं: तो करायचा ते आता कोण करणार, नवी भूमिका, नवी कौशल्यं. माणूस दिवसातून अनेकदा इकडून तिकडे जातो. दुसऱ्या काठावर असताना तो दुःख टाळतोय असं नाही, तोही शोकाचाच भाग आहे. काजळी म्हणतात तो थांबलेला हात म्हणजे हेलकाव्याचा मधला क्षण.

संसर्गाच्या कथांसाठी दुसरी संकल्पना पॉलिन बॉस यांची: संदिग्ध वियोग. त्याचे दोन प्रकार. शरीर नाही पण माणूस मनात जिवंत आहे, म्हणजे बेपत्ता. किंवा शरीर समोर आहे पण माणूस त्यात उरलेलं नाही. संसर्ग झालेला नातेवाईक हा दुसरा प्रकार, आणि याचा पटकथेत नेमका उपयोग असा की एकाच घरातल्या दोघांच्या लेखी मृत्यूची तारीख वेगळी असते. एकीसाठी नवरा चावा बसला त्या रात्री गेला, मुलासाठी अजून गेलाच नाही. 'त्याला मारायचं की नाही' या वादापेक्षा 'तो कधी गेला' हा वाद फार खोल जातो, आणि त्याला एकही राक्षस लागत नाही.

बेपत्ता माणसाचा परिणाम कृतीत दाखवा. जे वाट पाहतात ते जागा सोडत नाहीत. धोका वाढला तरी मुक्काम हलत नाही, निघावंच लागलं तर भिंतीवर खडूने दिशा लिहून जातात, आणि ती खूण शत्रूलाही वाचता येते. इथे शोक आणि जीव वाचवणं थेट एकमेकांसमोर उभे राहतात.

#३ शिधा

गणिताच्या बाजूने लिहितो, कारण एक माणूस कमी झालं की आकडे बदलतात आणि पटकथाकार ते विसरतात.

पहारा. चौघं असतील तर ८ तासांच्या रात्रीत प्रत्येकाला २ तासांची पाळी, झोप ६ तास. तिघं उरले की पाळी २ तास ४० मिनिटं आणि झोप ५ तास २० मिनिटं. दोघं उरले की ४ आणि ४. मृत्यूनंतरच्या पहिल्याच रात्री ही विभागणी कुणालातरी तोंडाने करावी लागते. 'आता पावणेतीन तासांनी उठव' या वाक्यात सगळं आलं. आणि कुणीच विभागणी केली नाही, तर जुन्या सवयीने तिसरा माणूस झोपायला जातो आणि चौथी पाळी रिकामी राहते. पुढचा हल्ला त्या दोन तासांत होऊ द्या. मग तो लेखकाच्या सोयीने झालेला वाटणार नाही, शोकातून झालेला असेल.

पाणी. नुसतं पिण्या-शिजवण्याचं माणशी ३ लिटर धरा. चौघांना १२ लिटर, म्हणजे ६-६ लिटरचे दोन डबे, दोन्ही हातांत सारखं ओझं. तिघांना ९ लिटर. एक डबा पूर्ण, दुसरा अर्धा. चाल एका बाजूला झुकते. नटाला 'दुःखी चाल' सांगण्यापेक्षा हातात खरोखर ६ आणि ३ किलोचे डबे द्या.

बूट. मेलेल्या माणसाचे बूट ही या जगातली सर्वांत मौल्यवान वारसा-वस्तू, आणि पडद्यावर ती जवळजवळ दिसतच नाही. एक नंबर मोठा असेल तर पुढे चिंध्या कोंबून, दोन मोजे घालून चालतो, पण टाच वरखाली होते आणि दुसऱ्या दिवशी फोड येतो. लहान असेल तर पुढची टोपी कापावी लागते. म्हणजे गेलेल्याच्या बुटाला सुरी लावावी लागते. हा सीन कुणी लिहिला तर संवादाची गरज नाही. फोड फुटून चिघळला तर पुढच्या दहा पानांची अडचणही तिथूनच मिळते.

आता कबर, कारण इथे सगळ्यात जास्त खोटं दाखवतात. मृत्यूवरून थेट कट आणि समोर नीटनेटका मातीचा ढीग, वर दोन काटक्यांची खूण. प्रत्यक्षात १.८ मीटर लांब, ०.७ रुंद आणि १.२ खोल खड्डा म्हणजे दीड घनमीटर माती, वजनाने साधारण सव्वादोन टन. फावड्यात एका वेळी साडेतीन किलो येते असं धरलं तर साडेसहाशे फावडी. अर्धपोटी, एकट्या माणसाला मऊ जमिनीतही सहा-सात तास. मुरूम किंवा मुळं लागली तर पहार हवी आणि दुसरा दिवस उजाडतो. खोदकामाला तासाला ४०० ते ५०० कॅलरी जातात, म्हणजे एका कबरीत दीड-दोन दिवसांचा शिधा खर्च होतो. हात सोलवटतात, आणि सोलवटलेल्या हाताने पुढचे चार दिवस हत्यार नीट धरता येत नाही.

कमी खोल पुरलं तर जनावरं उकरतात. दगडांची रास रचली तर खोदाई वाचते, पण दगडावर दगड आपटल्याचा आवाज लांब जातो. उघड्यावर दहनाला ४०० ते ५०० किलो लाकूड लागतं आणि धूर मैलभरावरून दिसतो. प्रत्येक पर्यायाची किंमत वेगळी. कोण काय निवडतं यावरून गेलेलं माणूस त्यांना किती मोलाचं होतं ते कळतं.

एक शास्त्रीय खुलासाही. 'प्रेतांमुळे रोगराई पसरेल' म्हणून घाईघाईने जाळणं हा नेहमीचा बहाणा. अपघाताने किंवा घातपाताने मेलेल्यांच्या देहांमुळे साथ येत नाही. कॉलरा, इबोलासारख्या रोगांनी मेलेले असतील तर गोष्ट वेगळी. तुमच्या कथेतला रोग काय आहे ते आधी ठरवा.

#४ रिळवाला

शिधा यांच्या कबरीत एक भर. खणलेली माती सुटी होऊन फुगते, त्यात देहाची जागाही भरते, त्यामुळे सगळी माती परत कधीच मावत नाही. मागे उंचवटा उरतो. काही आठवड्यांनी, पावसानंतर, तो बसतो आणि खळगा होतो. वेळ पुढे गेल्याचं दाखवायला 'तीन महिन्यांनंतर' अशी पाटी नको. आधी उंचवटा दाखवा, नंतर खळगा.

#५ अवकाळी

धाग्याचा सूर पटतो, पण एका बाजूला जास्तच झुकलाय. सगळा शोक कामात जिरवला तर सिनेमा कोरडा होतो. कधीतरी माणसाने सरळ बोलायलाच हवं.

'२८ डेज लेटर'मधला फ्रँक घ्या. त्या जगात रक्तातून पसरणारा संसर्ग माणसाला हिंस्र करतो. कावळा टोचत असलेल्या प्रेतातून रक्ताचा एक थेंब त्याच्या डोळ्यात पडतो. संसर्ग सेकंदांत होतो हे आपल्याला तोवर माहीत झालेलं आहे. त्या सेकंदांत तो मुलीला दूर राहायला सांगतो आणि तिच्यावर प्रेम आहे हेही सांगतो. इथे ना डबा, ना बूट, ना पहारा. नुसता संवाद, आणि तोही अगदी साधा. तरी तो या प्रकारातल्या सर्वांत जिव्हारी लागणाऱ्या निरोपांपैकी एक आहे.

'अ क्वाएट प्लेस'मध्येही शेवटी वडील खुणांच्या भाषेत मुलीला प्रेम आहे म्हणून सांगतातच. म्हणजे बोलणं वर्ज्य नाही.

#६ काजळी

@अवकाळी, मुद्दा मान्य, पण दोन्ही उदाहरणांत बोलण्यामागे किंमत लावलेली आहे. फ्रँककडे वेळ नाही. क्वाएट प्लेसमधल्या बापाकडे आवाज नाही. तो खुणेने सांगतो आणि मग मुलांपासून राक्षसाला ओढून घेण्यासाठी मुद्दाम ओरडतो. सिनेमाभर दाबून ठेवलेला मोठा आवाज तिथे सुटतो आणि तोच त्याचा जीव घेतो. शेकोटीभोवतीच्या भाषणात वेळही असतो, आवाजही असतो आणि धोका दूर थांबलेला असतो. म्हणून ते पोकळ वाटतं.

माझा नियम सुधारून लिहितो: दुःख बोलून दाखवायचं असेल तर बोलण्यासाठी पात्राला काहीतरी मोजावं लागलं पाहिजे.

त्याच सिनेमातला धबधबा बघा. बाप आणि मुलगा तिथे मोकळ्याने बोलू शकतात, कारण पाण्याच्या आवाजात त्यांचा आवाज बुडतो. त्या सुरक्षित जागी मुलगा बापाला सांगतो की बहीण स्वतःला दोषी मानते, तिला सांग. बोलण्याची परवानगी आधी जगाच्या नियमातून मिळवली आहे, शोक त्यानंतर आला आहे.

#७ सूक्ष्मनाद

ध्वनीच्या बाजूने, थोडं सविस्तर.

धबधब्याचं गणित खरं आहे. साधं बोलणं एक मीटरवर साधारण ६० डेसिबल. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल घट: २ मीटरवर ५४, ४ वर ४८, ८ वर ४२, १६ वर ३६, ३२ मीटरवर ३०. शांत रात्रीची पार्श्वभूमी २०-३० च्या घरात असते, म्हणजे ३०-४० मीटरवरच्या कानाला बोलणं पुसट का होईना ऐकू येऊ शकतं. तेच धबधब्याशेजारी ८० च्या पार्श्वभूमीत दोन-तीन मीटरवरही हरवतं. तान्ह्या बाळाचं रडणं जवळून १०० च्या वर जाऊ शकतं, म्हणून त्या सिनेमात गरोदरपण हीच सर्वांत मोठी भीती आहे. नवं मूल म्हणजे आशा, आणि तेच सगळ्यांचा जीव घेऊ शकणारा आवाज. शोकातून उठून पुन्हा मूल होऊ देण्याचा निर्णय यापेक्षा नेमका मांडता येणार नाही.

आता शांतता. नवखे लोक शोकाच्या क्षणी ट्रॅक पूर्ण रिकामा करतात. निव्वळ डिजिटल शून्य कानाला बिघाडासारखं लागतं. आपण जगात कधी शून्य ऐकत नाही. प्रत्येक जागेचा रूम टोन (कुणी बोलत नसताना तिथे असणारा बारीक आवाज) निदान एक मिनिट वेगळा रेकॉर्ड करा आणि तो खाली ठेवा. शून्य वापरायचंच असेल तर त्याला कारण हवं. क्वाएट प्लेसमध्ये ते आहे: बहिरी मुलगी कानातलं यंत्र बंद करते तेव्हा आपण तिच्या आत असतो आणि आवाज खरोखर संपतो, यंत्र चालू असताना खालची घरघर असते. त्यामुळे तिचं एकटेपण आपण कानाने अनुभवतो. ती भूमिका करणारी मिलिसेंट सिमंड्स स्वतः बहिरी आहे.

शांतता जाणवण्यासाठी तिच्या आधीच्या २०-३० सेकंदांत पार्श्वभूमी हळूच वर न्या, प्रेक्षकाच्या लक्षात येणार नाही इतपत: पंखा, रातकिडे, वारा. मग काढा. कान सवयीने भरलेला असतो, काढलेली गोष्ट त्याला खड्ड्यासारखी लागते. गेलेल्या माणसाचा एखादा बारीक आवाज आधी पेरून ठेवला असेल, जसं दाराची कडी दोनदा वाजवण्याची सवय, तर तो नसणं फार परिणाम करतं. त्यासाठी तो आवाज मृत्यूच्या आधी निदान तीनदा यायला हवा. दोनदा आला तर बरेच जण विसरलेले असतात.

रडणं. दबलेलं रडणं म्हणजे हळू आवाजातलं रडणं नव्हे. हुंदका हा आत ओढलेल्या श्वासाचा झटका असतो. तो दाबला की श्वास अडतो, छाती वर खेचली जाते, घशात आवंढा येतो आणि मग श्वास तुकड्यांत सुटतो. नटाला 'आवाज न करता रड' सांगितलं तर तो तोंड वेडंवाकडं करतो. त्यापेक्षा 'श्वास सोडायचा नाही, दहापर्यंत मोज' सांगा, शरीर बाकीचं करतं. माइक गळ्याजवळ ठेवा. तुटलेला श्वास आणि कपड्याचा घासला जाणारा आवाज हेच रडणं. ते नंतर डबिंगमध्ये जमत नाही, जागेवरच घ्या.

संगीताबद्दल एकच वाक्य: कबर खणतानाच्या सीनवर व्हायोलिन घातलं की साडेसहाशे फावड्यांचा आवाज मरतो.

#८ रिळवाला

संकलन आणि पानांची जागा.

९५ पानांची पटकथा धरा, पान म्हणजे अंदाजे मिनिट. मृत्यू १०व्या पानाच्या आत झाला तर तुम्ही शोकाबद्दलचा सिनेमा करताय, आणि तिथे काळाची उडी चालते. पान ४५-५० वर झाला तर सिनेमा भूमिका बदलण्याचा आहे: मेलेल्याचं काम आता दुसऱ्याने शिकायचं. इथे उडी घेऊ नका, पहिला आठवडा दाखवा. पान ८५ नंतर झाला तर शोकाला जागाच उरत नाही, तो त्याग होतो, आणि त्यागाच्या सीनला शोकाचा सीन म्हणणं ही दिशाभूल आहे.

हल्ल्यानंतर लगेच महत्त्वाचं काही ठेवू नका. हल्ल्यात शॉट दोन-अडीच सेकंदांचे पडत होते, तर प्रेक्षकाचं शरीर त्याच गतीत असतं. पुढचा पहिला शॉट २० सेकंदांचा ठेवा आणि त्यात फक्त काम दाखवा: कुणीतरी दार लावतंय, कुणीतरी माणसं मोजतंय. मोजणी हा उत्तम प्रकार आहे. एक, दोन, तीन, आणि बोट चौथ्या जागी जातं. मृत्यूची बातमी इथे द्या, हल्ल्याच्या गोंधळात नको.

वस्तूबद्दल. गेलेल्याची वस्तू तीनदा यावी आणि तिन्ही वेळा तिचं काम बदलावं. पहिल्यांदा ती नुसती वापराची, दुसऱ्यांदा जपून ठेवलेली, तिसऱ्यांदा पुन्हा वापरात. लोकरीचं पांघरूण सगळ्यांत चांगलं. त्याला वास असतो, म्हणून ते बांधून ठेवलं जातं. मग थंडी पडते आणि ठरवावं लागतं: वास टिकवायचा की ऊब घ्यायची. फोटोला असं काही करता येत नाही. फोटोने थंडी भागत नाही, म्हणून फोटोचा सीन नेहमी थांबलेला वाटतो.

#९ पाऊलवाट

इतकं सगळं १५ मिनिटांच्या लघुपटात कसं बसवायचं? एक आई, एक आठ वर्षांचं मूल, वडील आधीच गेलेले. तीन जागा, बजेट जवळपास नाही. राक्षस दाखवणं परवडणार नाही.

#१० उंबरठा

@पाऊलवाट, आधी मुलाबद्दल, कारण तिथेच बहुतेक जण घसरतात.

मुलं दुःखात सलग राहत नाहीत. डबक्यात उडी मारावी तशी आत जातात आणि लगेच बाहेर येऊन खेळायला लागतात. पाच मिनिटं रडून सातव्या मिनिटाला 'जेवायला काय आहे' विचारणारं मूल निर्दय नाही, नेहमीसारखं आहे. लहान मुलांना मरण कायमचं असतं हे नीट कळायला साधारण पाच ते सात वर्षांचं व्हावं लागतं. तुमचं मूल आठ वर्षांचं आहे, म्हणजे त्याला कळतं, पण ते पुन्हा पुन्हा तपासून बघेल. प्रश्न तत्त्वज्ञानाचे नसतील, कामाचे असतील: बाबांना तिथे थंडी वाजते का, त्यांची सुरी आता माझी का, तू मेलीस तर दार कोण लावणार. शेवटचा प्रश्न मुलाला सर्वांत महत्त्वाचा असतो. सिनेमातल्या मुलांच्या तोंडी शहाणपणाची वाक्यं घालू नका.

अपराधभावाबद्दलही. 'तुझी चूक नव्हती' असं कुणीतरी सांगतं आणि पात्र मोकळं होतं, हा शॉर्टकट खोटा आहे. अपराधभावाला माणूस चिकटून राहतो कारण त्यात एक आधार असतो: माझी चूक होती, म्हणजे हे टाळता आलं असतं, म्हणजे जग अगदीच बेभरवशाचं नाही. चूक नव्हती हे मान्य केलं तर उद्या दुसराही असाच जाऊ शकतो हे मान्य करावं लागतं. म्हणून आईने 'तुझी चूक नव्हती' म्हटल्यावर मूल चिडलं तर ते जास्त खरं आहे.

काळाचाही अंदाज ठेवा. दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाचं निदान करायला आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेची रोगसूची) मध्ये किमान ६ महिने आणि डीएसएम-५-टीआर (अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची निदानपुस्तिका, २०२२) मध्ये मोठ्यांसाठी १२ महिने लागतात. मृत्यूनंतर तीन आठवड्यांनी पात्र 'अजून सावरलं नाही' म्हणून दुसरं पात्र त्याला झापतं, तेव्हा चूक झापणाऱ्याची आहे हे लेखकाला माहीत हवं.

#११ शिधा

@पाऊलवाट, राक्षस नको, पण काळ नक्की करा. प्रलयाला किती दिवस झाले त्यावरून घरात काय असेल ते ठरतं, आणि घरात काय आहे त्यावरून शोक कशात दिसेल ते.

साठाव्या दिवशी गाडी चालते. उघड्या साठ्यातलं पेट्रोल तीन ते सहा महिन्यांत बिघडायला लागतं, इथेनॉल मिसळलेलं असेल तर ओलावाही धरतं. वर्ष-दीड वर्षाने गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली तर जाणकार प्रेक्षक तिथेच तुटतो, कारण बॅटरीही तोवर उतरलेली असते. ५ ते ६ टक्क्यांच्या साध्या ब्लीचने पाणी शुद्ध करता येतं, लिटरला २ थेंब आणि ३० मिनिटं थांबणं, पण ब्लीच वर्षभरात कमजोर पडतं. त्यानंतर उकळणं, म्हणजे सरपण, म्हणजे धूर. खळखळून एक मिनिट उकळलं तरी पुरतं, उंच डोंगरावर तीन मिनिटं. सिनेमात वीस मिनिटं भांडं धडधडत ठेवतात, तेवढं सरपण कुणाला परवडेल?

तुमच्या कथेत वडील सरपण आणायचे असं ठेवा. त्यांनी फोडून रचलेली लाकडांची थप्पी मागे उरलेली आहे. रोज तिच्यातली पाच-सहा लाकडं कमी होतात. थप्पी संपते त्या दिवशी त्यांच्या हाताने केलेलं शेवटचं काम संपतं, आणि आईला कुऱ्हाड उचलावी लागते. हे तीन जागांत आणि विनाखर्च बसतं. थप्पीचं चित्रीकरण उलट्या क्रमाने करू नका, खरंच जाळत जा. राखही तेवढीच दिसली पाहिजे.

#१२ अवकाळी

लाकडांची थप्पी फार चांगली. फक्त आईने पहिल्याच घावात लाकूड फोडू नये. कुऱ्हाड अडकते, लाकडासकट वर उचलून आपटावी लागते. पात्र कौशल्य शिकतंय हे दाखवताना पहिल्यांदा चुकणं, दुसऱ्यांदा निम्मं जमणं, तिसऱ्यांदा जमणं असा क्रम ठेवा, आणि जमतं तेव्हा कुणी बघत नसावं.

विधीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून सांगतो. '२८ इयर्स लेटर'मधला डॉक्टर केल्सन मेलेल्यांची हाडं स्वच्छ करून त्यांचे मनोरे उभारतो, संसर्ग झालेले आणि न झालेले असा भेद न करता. आजारी आईला घेऊन मुलगा त्याच्याकडे येतो. तिला बरा न होणारा कर्करोग आहे, म्हणजे संसर्गाशी संबंध नसलेलं, अगदी साधं मरण. सगळ्या जगाला राक्षसांनी घेरलं असताना आई या आजारापायी, स्वतःच्या संमतीने केल्सनच्या हातून शांत मरण घेते, आणि तिची कवटी मुलगा स्वतः त्या मनोऱ्यावर चढून सर्वांत वर ठेवतो. तो चढतो हे महत्त्वाचं. दुसऱ्याने ठेवली असती तर तो नुसता सुंदर शॉट झाला असता.

#१३ उंबरठा

यालाच १९९६ पासून 'टिकून राहणारे बंध' असं म्हणतात. डेनिस क्लास, फिलिस सिल्वरमन आणि स्टीव्हन निकमन यांच्या संपादित पुस्तकानंतर ही कल्पना रुजली: शोक म्हणजे गेलेल्याला सोडून देणं नव्हे, त्याच्याशी नातं नव्या जागी ठेवणं. 'आता त्याला जाऊ दे' हा संवाद त्यामुळे जुना झाला आहे. त्याच्याऐवजी 'तो कुठे ठेवायचा' हे दाखवा. केल्सनने मेलेल्यांना अशी जागा दिली आहे. पाऊलवाट यांच्या लघुपटात ती जागा थप्पीची असू शकते: आईने फोडलेली नवी लाकडं मूल त्याच ठिकाणी, वडिलांच्याच पद्धतीने रचतं, जाड टोक बाहेर.

#१४ पाऊलवाट

सगळ्यांचे आभार. असं लावतोय: पहिल्या मिनिटात थप्पी छातीइतकी. मग पाणी आणणं, वडिलांच्या काळचे दोन डबे. तिघांना ९ लिटर लागायचं, आता दोघांना ६. मधे मुलाचा दाराचा प्रश्न. रात्री पहारा ४-४ तास, पण मूल आठ वर्षांचं, म्हणून आई सलग जागते आणि तिसऱ्या रात्री तिला डुलकी लागते. दाराबाहेर फक्त आवाज. मूल स्वतः उठून दार लावतं. सकाळी कुऱ्हाड. शेवटी लाकडं रचणं की पाणी भरणं यात अडकलोय.

#१५ रिळवाला

लाकडं रचणं मूल करेल, पाणी आई. दोन्ही एकाच शॉटमध्ये, मूल मागे फोकसबाहेर.

#१६ सूक्ष्मनाद

पाण्यावर संपवा, आणि आवाजावर भरवसा ठेवा. डबा भरत जातो तसा पाण्याचा सूर वर चढत जातो, प्रत्येक कानाला हे न शिकवता माहीत असतं. पहिल्या पाणी भरण्याच्या सीनमध्ये आई सवयीने ९ लिटर भरते: पहिला डबा काठोकाठ, दुसरा अर्धा, मग दुसरा तसाच ओतून देते. प्रेक्षकाने दोन्ही सूर ऐकलेले असतील. शेवटच्या सीनमध्ये पहिला डबा भरेपर्यंत सूर वर जाऊ द्या, झाकण लावल्याचा आवाज घ्या. मग ती दुसरा डबा उचलते, नळीखाली धरत नाही, उलटा करून वाळायला ठेवते. रिकाम्या डब्याचा तो 'टप्प' जागेवरच रेकॉर्ड करा, फोलीत (स्टुडिओत नंतर केलेल्या आवाजांत) तितका पोकळ मिळणार नाही. मागून लाकडावर लाकूड ठेवल्याचे आवाज चालू राहू द्यात, मूल अजून रचतंय.